‘मॅडम, माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे’

ती पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा सत्राचा सहावा आठवडा चालू होता. कला-इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळालेला. त्याआधी वाणिज्य शाखेची पदवी आणि काही वर्षं ऑडिटची नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत बसता बसताच म्हणाली, “मॅडम, मला चुकून घेतलंय असं वाटतं.” सहा आठवड्यांत ती सेमिनारमध्ये एकदाही बोलली नव्हती. याआधी काय करत होतीस, असं कुणी विचारलं तर “नोकरी” एवढंच सांगून विषय बदलायची.

“बाकीचे सगळे यातलेच आहेत, मी एकटीच बाहेरची,” हे वाक्य मी कला-इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की त्या दिवशी माझ्याकडून घाई झाली. तिचं पुरतं ऐकून न घेताच मी उदाहरणं द्यायला लागले. आनंद कुमारस्वामी मुळात भूवैज्ञानिक. श्रीलंकेत खनिजांचं सर्वेक्षण करताना तिथल्या कारागिरांच्या कामाकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि १९१७ मध्ये ते बोस्टनच्या संग्रहालयात भारतीय कलेचं काम पाहू लागले. इटलीचे चित्रपारखी जोव्हान्नी मोरेल्ली वैद्यकशास्त्र शिकलेले. चित्र नेमकं कुणाचं हे ओळखायला ते रंगवलेले कान आणि नखं तपासायचे. ‘थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत’ हा प्रश्न १९७१ मध्ये विचारणाऱ्या लिंडा नॉकलिन आधी तत्त्वज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकल्या होत्या.

तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “ती मोठी माणसं होती, मॅडम. मी उद्याच्या तासाला काय बोलू?”

तिचं बरोबर होतं. घाबरलेल्या माणसासमोर थोरांची यादी ठेवली की त्याला स्वतःचं लहानपणच जास्त दिसतं. आता मी पहिल्या भेटीत ही नावं घेतच नाही.

दुसऱ्या भेटीत मी तिला एवढंच विचारलं, की वर्गात ओठांवर येऊन राहून गेलेलं असं काही आहे का? बराच वेळ गप्प राहून तिने पिशवीतून एक छापील कागद काढला. दोमेनिको गिरलांदायो या चित्रकाराने १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका अनाथालयासाठी केलेला करारनामा. विषय: राजांनी बाळ येशूला वंदन करण्याचा प्रसंग. करारातल्या अटी अशा: चित्र ३० महिन्यांत पूर्ण करून द्यायचं, किंमत ११५ फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी), निळा रंग अल्ट्रामरीन आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिन भावाचा, उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड. वर्गात चर्चा झाली ती त्या निळ्या रंगाची. तो ज्यापासून बनतो तो लाजवर्दाचा दगड अफगाणिस्तानातून यायचा, त्याचं मोल, येशूची आई मेरी हिच्या वस्त्राला तोच रंग का, वगैरे.

“मला मात्र हप्ते दिसत होते,” ती म्हणाली. “दर महिन्याला तीन फ्लोरिन. ३० महिन्यांचे ९० झाले. म्हणजे काम संपतं तेव्हा २५ फ्लोरिन देणाऱ्याच्याच हातात राहतात. आणि खाली अट आहे, की चित्र तेवढ्या मोलाचं वाटलं नाही तर करार लिहून देणारा धर्मबंधू फ्रा बेर्नार्दो रक्कम कमी करू शकतो. मग ती कपात करायला पैसे हाताशी हवेत ना? ते हे २५ असतील का? पण हा तर हिशेब झाला. कलेवर बोलायचं सोडून मी हप्ते मोजत बसले होते.”

मी तो कागद दोनदा वाचला. तिने दाखवेपर्यंत मला त्यात हे दिसलं नव्हतं. चित्रकार आणि पैसे देणारा यांच्यात नेमकं काय नातं होतं, कुणाचा किती विश्वास होता, कुणाची मान कुठे अडकली होती, हे त्या बेरजेत दिसत होतं. यात कला नाही असं कसं म्हणायचं? पंधराव्या शतकातल्या इटालियन व्यापाऱ्यांना पिंपाचा आकार पाहून घनफळ काढायला शिकवत, आणि अशा सरावलेल्या नजरेने ते चित्रातले आकारही पाहत, असं कला-इतिहासकार मायकेल बॅक्सँडॉल यांनी १९७२ मध्ये मांडलं. चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काने तर व्यापारी गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. तिच्या शाखेची माणसं या विषयात आधीपासूनच होती.

पण इथेच थांबले असते तर मी तिची फसवणूक केली असती. उणीव खरीच होती. त्याच चित्रात, अगदी पुढे, दोन जखमी बाळं गुडघे टेकून आहेत. ती कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. हेरोद राजाने बेथलेहेममधली बालकं मारवली, त्यांतली ती. अनाथालयाचं नावच त्या निष्पाप बालकांवरून आलेलं. हे माहीत नसेल तर चित्राचा अर्धा अर्थ हातून निसटतो. “पार्श्वभूमी वेगळी असली तरी चालतं” असं सरसकट सांगणं मला म्हणूनच पटत नाही. चालतं, पण काही गोष्टी बसून शिकाव्याच लागतात.

त्या कोणत्या, हे ठरवायला आम्हाला तीन भेटी लागल्या. सगळा कला-इतिहास सुरुवातीपासून वाचून काढायचा तिचा बेत होता, तो मी सोडायला लावला. अशाने माणूस गुहाचित्रांपाशीच दमतो. त्याऐवजी रोज एक चित्र. नाव, साल, माहिती झाकून ठेवायची आणि वीस मिनिटं फक्त जे दिसतं तेच लिहायचं: उजेड कुठून येतो, कोण कुणाकडे पाहतंय, कुठली जागा रिकामी सोडली आहे. त्यानंतर वाचायचं. ख्रिस्ती संत चित्रात ओळखायच्या खुणा वहीच्या मागच्या पानांवर: चाक असेल तर कॅथरिन, मनोरा असेल तर बार्बरा, सिंह असेल तर जेरोम. ऑडिटवाली ती; खातेवही उघडल्यासारखी तिने ही वही उघडली, आणि पहिल्यांदाच तिला हा अभ्यास झेपण्यासारखा वाटला.

भाषेचा प्रश्न मात्र लवकर सोडवावा लागतो, हे विद्यार्थी उशिरापर्यंत लक्षात घेत नाहीत. मुघल चित्रांवर संशोधन करायचं तर फारसी लागणार, इटलीवर करायचं तर इटालियन. पीएचडीसाठी अनेक विद्यापीठं विषयाला लागणारी एखादी भाषा वाचता येण्याची अट घालतात. प्रवेशाच्या अटीही सगळीकडे सारख्या नसतात: कुठे कुठल्याही शाखेची पदवी चालते, कुठे आधी काही पेपर पूर्ण करावे लागतात. ते अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

तिच्याच वर्गातले आणखी दोघं त्या वर्षी माझ्याकडे येऊन गेले, हे मी तिला सांगू शकत नव्हते. एकजण चित्रकलेची पदवी घेतलेला; हातात ब्रश असला की निर्धास्त, पण पंधरा पानांचा निबंध म्हटलं की त्याची झोप उडायची. दुसरी इतिहासाची, कागदपत्रांत रमणारी, पण पडद्यावर नुसतं चित्र आलं की तिला शब्द सुचत नसत. दोघांनाही वाटत होतं, की बाकीचे सगळे यातलेच आहेत. तिघंही एकाच टेबलाभोवती बसत, आणि तिघंही गप्प.

पुढच्या सेमिनारला बोलायचं ठरवताना आम्ही वाक्य मुद्दाम साधं ठेवलं: “मी ऑडिटमध्ये काम केलंय, त्यामुळे मला आधी हप्ते दिसले.” पूर्वीची नोकरी लपवायची नाही, तिची माफीही मागायची नाही. त्या दिवशी ती बोलली, पण आवाज कापत होता आणि मध्येच एक आकडा चुकला. प्राध्यापकांनी तो दुरुस्त केला आणि पुढचा प्रश्न तिलाच विचारला: ते २५ फ्लोरिन त्याला शेवटी मिळाले का?

शेवटची भेटली तेव्हा ती अजून त्याच प्रश्नामागे होती. अनाथालयाच्या हिशेबाच्या नोंदी मूळ भाषेत वाचता याव्यात म्हणून इटालियन शिकायला घेतलं होतं, आणि भूतकाळाच्या क्रियापदांवर अडली होती. मला कागदावर एक क्रियापद लिहून दाखवलं: पगारे. म्हणजे पैसे चुकते करणं.