दोन प्रोग्रॅमची उत्तरं जुळत नाहीत, यात नोकरी कसली?

सांगलीच्या एका आईचं पत्र आहे. मुलगा एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट म्हणून दिवसरात्र कॉम्प्युटरवर ‘प्रोटॉनच्या टकरी’ लावतो. विचारलं की म्हणतो, दोन प्रोग्रॅमची उत्तरं जुळत नाहीत. “मग चूक दुरुस्त का करत नाही? आणि पुढे पोट कशावर भरणार?”

ताई, नमस्कार.

उत्तरं जुळत नाहीत म्हणजे पोराचं चुकलंच असं नाही. बहुतेक तोच त्याचा प्रोजेक्ट आहे.

सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात तेव्हा आत काय घडलं ते कुणालाच दिसत नाही. बाहेर उडालेले कण तेवढे डिटेक्टरला कळतात. मधली गोष्ट पिथिया, हर्विग असे प्रोग्रॅम रचतात. दोघांत फाटा फुटतो तो क्वार्कांपासून, म्हणजे प्रोटॉनच्या आतल्या बारीक घटकांपासून, कण बनताना. पिथियात दूर जाणाऱ्या दोन क्वार्कांमध्ये रबर ताणल्यासारखं होतं, ते तुटलं की तुटल्या टोकांना नवी जोडी येते. हर्विग क्वार्कांचे छोटे पुंजके करतं आणि ते फुटून कण निघतात. प्रयोगातल्या मोजमापाशी ताडलं की एका आलेखात हे जिंकतं, दुसऱ्यात ते. कधी दोघंही हरतात. 2017 साली सर्नच्याच ॲलिस प्रयोगाने दाखवलं की ज्या टकरींतून कण भरपूर निघतात, त्यांत ‘स्ट्रेंज’ नावाचा क्वार्क असलेल्या कणांचं प्रमाणही वाढतं. नेहमीच्या पिथियाला ही वाढ दाखवता येत नव्हती. असा फरक सापडला की मॉडेलवाल्यांना काम मिळतं.

तेव्हा त्याला एवढंच विचारा, “जुळत नाही, पण कुठे?” ‘कमी मोमेंटमला (संवेगाला) एकात प्रोटॉन जास्त येतात, पायॉन हे हलके कण मात्र सारखे’ असं काही म्हणाला तर गडी या वाटेचा आहे. नुसतं ‘मॅच होत नाही’ म्हणाला तर त्याने अजून प्रोग्रॅम चालवलाय फक्त. दोन्हीकडे टकरीची ऊर्जा आणि कोणते कण मोजायचे याच्या अटी एकच ठेवल्यात ना, हेही तपासू दे. माझ्याकडे येणारी निम्मी कोडी तिथेच सुटतात.

आता पोटाचं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातील. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती असेल तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं. मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयसर या संशोधन संस्था सर्नच्या सीएमएस या दुसऱ्या प्रयोगात आहेत, म्हणजे काम घराजवळही आहे. पण कायम नोकऱ्या थोड्या. पुढे दोन-तीन पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, करत फिरावं लागतं. हे लपवून सल्ला देणं मला जमत नाही.

म्हणून त्याने जिआंट-4 आत्ताच शिकावं. कण पदार्थातून जाताना काय होतं ते हा प्रोग्रॅम दाखवतो, आणि कर्करोगाच्या रेडिएशन उपचारांतही तो वापरतात. एम.एस्सी.नंतर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केला तर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. पीएच.डी.च्या प्रवेशासाठीच्या जेस्ट, गेट आणि टीआयएफआरच्या परीक्षेचे फॉर्म मात्र चुकवू नका.

आणि हो, रात्री तो झोपलाय नि लॅपटॉप चालूच आहे असं दिसलं तर बंद करू नका. प्रोग्रॅम चालत लावलेला असतो.