लाथा, बुक्क्या आणि परग्रहावरचं भूत

मारामारीचा सिनेमा थोड्या पैशांत होतो, भयपटही होतो. दोन्ही एकत्र करायला घेतले की गाडी अडते. मारामारी प्रेक्षकाला स्वच्छ दिसावी लागते आणि भूत स्वच्छ दिसलं की त्याची भीती उरत नाही. लघुपट करणाऱ्या वाचकांची या महिन्याची बहुतेक पत्रं याच गाठीपाशी अडलेली आहेत.

आमच्या लघुपटात कराटे शिकलेला नायक परग्रहावरच्या प्राण्याशी लढतो. पोशाख चांगला झालाय, नायकही चपळ आहे. तरी पडद्यावर दोन माणसं झोंबताहेत असंच वाटतं. काय चुकतंय? (कोल्हापूर)

दोघांचा वेग एकच आहे. एखादी गोष्ट किती मोठी, किती जड, हे डोळा तिच्या हालचालीवरून ठरवतो. 1954 च्या जपानी ‘गॉडझिला’त पोशाखातल्या नटाला टिपताना सेकंदाला जादा फ्रेम (सुटी स्थिर चित्रं) घेतल्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवल्या, म्हणून पडद्यावर तो संथ आणि अवजड वाटला. हाँगकाँगच्या मारधाडपटांनी नेमकं उलट केलं. सेकंदाला 22 किंवा 20 फ्रेम टिपायच्या आणि 24 ने दाखवायच्या, म्हणजे हात-पाय साधारण 9 ते 20 टक्के जलद चालतात.

तुम्हाला या दोन्ही युक्त्या हव्यात, पण एका शॉटमध्ये एकच बसते. म्हणून मारामारी शॉटवार वाटून घ्या. नायक मारतो ते शॉट 22 वर आणि प्राणी वळतो, झेपावतो, कोसळतो ते 36 वर. 48 वर गेलात तर तो पाण्यात चालल्यासारखा दिसेल. दोघं पूर्ण दिसतात असे शॉट 24 वर, दोन-तीन सेकंदांचेच ठेवा. त्यात प्राण्याने आधी खांदा वळवायचा, हात मागून आणायचा. एवढ्या उशिरानेही वजन येतं.

मोबाइलवर 22 ची सोय नसेल तर 25 वर टिपून एडिटिंगमध्ये वेग 110 टक्के करू नका. मधूनमधून आख्खी फ्रेम गळते आणि लाथ अडखळते. 50 वर टिपा, 25 च्या टाइमलाइनवर आणा आणि मग वेग वाढवा, धक्का फारसा जाणवत नाही. आपल्या विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ असल्यामुळे शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडायचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंदच ठेवा. इतर आकड्यांवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी चित्रात लुकलुकतात. मारामारीला 1/100 बरं, हाताची कड फिसकटत नाही.

बुक्की लागत नाही हे लगेच कळतं. कॅमेरा हलवून पाहिला, तरी जमलं नाही. (नाशिक)

कॅमेरा हलवणं सोडा. त्याने बुक्कीही दिसत नाही आणि नटाची मेहनतही दिसत नाही. दोघांच्या बाजूला उभं राहून टिपलं की मूठ आणि गाल यांच्यातली फट उघडी पडते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या खांद्यामागे न्या आणि 70 ते 85 मिमीची लेन्स लावा. मग वीतभर अंतर राहिलं तरी मूठ गालाला लागल्यासारखी वाटते. मूठ चेहऱ्यासमोर थांबता कामा नये, चेहऱ्याची रेघ ओलांडून पलीकडे गेली पाहिजे.

निम्मी बुक्की खाणाऱ्याच्या हातात असते. मूठ ज्या दिशेने जाते त्याच दिशेने मान वळली पाहिजे, आणि तीही मूठ चेहऱ्यापाशी आल्यावर. नवखे नट आधीच डोळे मिटतात. सराव मोजणीवर करा: ‘एक’ला मूठ निघते, ‘दोन’ला मान वळते. आधी अर्ध्या वेगाने वीस वेळा, मग पाऊण वेगाने. कॅमेऱ्यापुढेही पूर्ण ताकद लावायची नाही.

कपड्यावर जिथे फटका बसणार तिथे चिमूटभर टाल्कम पावडर किंवा चाळलेली मुलतानी माती थापा. मागून दिवा असेल तर उडालेली धूळ छान चमकते. एका शॉटमध्ये तीन ते सहा डाव पुरेत, मग क्षणभर दोघंही स्थिर. सलग हाणामारी चालू राहिली की डोळा थकतो आणि कोण कुणाला मारतंय ते कळेनासं होतं. दूरच्या शॉटवरून जवळच्या शॉटवर जाताना फटक्याच्या दोन-तीन फ्रेम पुन्हा दाखवा. कागदावर ही चूक वाटते, पडद्यावर फटका वजनदार होतो.

माणसाचं रक्त आणि प्राण्याचं अंधारात चमकणारं हिरवट रक्त घरी कसं करावं? (सांगली)

माणसाचं रक्त: बेकरीच्या सामानाच्या दुकानातला लिक्विड ग्लुकोज अर्धा किलो, कोमट पाणी 100 मिली, खायचा लाल रंग एक चमचा, कोको पावडर एक चमचा. नुसता लाल रंग एलईडीखाली गुलाबी सरबतासारखा दिसतो, तो कोको मारतो. निळ्याचा एखादा थेंब घाला, जास्त झाला तर रक्त जांभळं होतं. कपड्यावर टाकायच्या बाटलीत चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घाला, डाग सुटायला मदत होते. तोंडात धरायच्या बाटलीत अर्थातच नको, म्हणून दोन्ही बाटल्यांवर ठळक चिठ्ठ्या लावा. आणि मुंग्यांचा बंदोबस्त.

चमकणाऱ्या रक्तासाठी टॉनिक वॉटर घ्या. त्यातलं क्विनाइन अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. त्यात बी-कॉम्प्लेक्सची गोळी कुटून गाळून घातली की रायबोफ्लेविनमुळे पिवळसर हिरवी झाक येते. मीठ घालू नका, क्लोराइडने क्विनाइनची चमक मरते. रायबोफ्लेविन उजेडात विरतं, तेव्हा मिश्रण त्याच दिवशी करून अंधारात ठेवा. दाटपणासाठी लिटरला दहा ग्रॅम गवार गम लागतो. तो थेट पाण्यात टाकला की गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन मोठे चमचे ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी ओतत ढवळत राहा. हाच चिकट द्राव प्राण्याची लाळ म्हणूनही चालतो.

नायकाचा पांढरा कराटेचा पोशाख मात्र आधी तपासा. धुण्याच्या पावडरीतली चकाकी देणारी द्रव्यं त्याच दिव्याखाली निळी पेटतात आणि रक्तापेक्षा नायकच जास्त चमकतो. कोऱ्या मांजरपाटाचा पोशाख शिवा, नाहीतर काळा घाला.

पोशाखातला मुलगा दहा मिनिटांत गुदमरतो. (पणजी)

‘गॉडझिला’साठी केलेला पहिला पोशाख सुमारे 100 किलोचा होता. तो घालून काम होईना, म्हणून हलका दुसरा करावा लागला. तुम्ही आधीच हलका करा. आख्खा रबरी पोशाख लढायच्या कामाचा नाही. खाली काळे, अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि त्यावर 5 ते 10 मिमी इव्हा फोमचे (हलक्या, वाकणाऱ्या फोमचे) सुटे तुकडे लावा. कोपर, गुडघा आणि जांघ मोकळी ठेवा, नाहीतर पहिल्याच लाथेला शिवण उसवेल. फोम हीट गनने वाकवा आणि रबरी गोंदाने चिकटवा. गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचा, मगच दाबायचा. साधा अ‍ॅक्रिलिक रंग वाकल्यावर तडकतो, म्हणून तो द्रव लॅटेक्समध्ये मिसळून लावा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे आदल्या दिवशी नटाच्या मनगटावर थेंब लावून बघा.

मुखवट्याच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला न दिसणारी मोठी भोकं पाडा. शॉट झाला की मुखवटा उतरवायचाच, पुढचा लगेच असला तरी. आतल्या मुलाला बाजूचं काही दिसत नाही, म्हणून अंतर राखायची जबाबदारी नायकाची. पोशाखातल्याने कधीही नायकाच्या डोक्याच्या दिशेने मारू नये.

मर्दानी खेळातला दांडपट्टा प्राण्याविरुद्ध वापरायचा आहे. बोथट केला तर चालेल? (सातारा)

नाही. लवचिक पोलादी पातं वेगात असलं की बोथट असूनही कापतं, आणि पोशाखातल्याला ते येताना दिसणारही नाही. पीव्हीसीच्या इंचभर रुंद पट्टीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप चिकटवा. खरा पट्टा हवाच असेल तर जाणता खेळाडू एकटाच फिरवेल, कॅमेरा लांबून, आणि प्राण्याचे शॉट वेगळे. पट्टा वर्तुळात फिरतो, तेव्हा खेळाडूभोवती किमान तीन मीटरच्या आत कुणीही उभं राहू नये.

वायरने नायक उडवता येईल का? (मुंबई)

नको. अचानक थांबवलेल्या माणसाचा दोरावरचा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, ते प्रशिक्षित माणसांचं काम आहे. उडी तीन शॉटमध्ये तोडा: पाय जमीन सोडतात, खालून आकाशासमोरची झेप, आणि गादीवरचं उतरणं, गादी चित्रात येऊ न देता.

अंधार किती ठेवावा? सगळं काळंच येतं. (अकोला)

उजेड कमी करू नका, त्याची जागा बदला. मुख्य दिवा प्राण्याच्या मागे, डोक्याच्या वर लावा आणि मध्ये थोडा धूर सोडा. कडा लखलखीत दिसतात, त्यामुळे लाथ कुठून आली ते कळतं. पोशाखाची शिवण आणि फोम मात्र काळ्यात राहतात. नायकाच्या चेहऱ्यावर समोरून थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्याने परतवलेला उजेड पुरतो. मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर तो आपणहून अंधार उजळवतो आणि चित्रात दाणे येतात.

धूरयंत्राचा द्राव आणि वर सांगितलेली प्राण्याची लाळ फरशीवर साचते. प्रत्येक टेकनंतर आधी साबणाच्या, मग कोरड्या फडक्याने फरशी पुसा आणि नायकाच्या बुटांचे तळवेही पुसा. लाळेचे शॉट दिवसाच्या शेवटी घ्या, लाथांचे सगळे संपल्यावर.