खरवस आणि आईची लहान वाटी

प्रश्न : माझे बालपण पंचवटीतील एका वाड्यात गेले. मखमलाबादकडून येणारे गवळीमामा गाय व्याली की पितळी किटलीतून चीक आणून देत, आणि किटली हातात घेण्याआधी आई त्यांना नेमके दोन प्रश्न विचारत असे : ‘आज कितवा दिवस?’ आणि ‘वासरू पोटभर प्यालं ना?’ मग चिकात दूध आणि गूळ घालून ती आधी एका लहान वाटीत माझ्यापुरता खरवस करी. तो मी ओट्याजवळ उभ्याउभ्या संपवला की मगच मोठा डबा मोदकपात्रात चढत असे. आईला जाऊन सहा वर्षे झाली. यंदा मी डेअरीतून दोन वेळा चीक आणला. पहिल्या वेळी मोबाईलवर पाहिलेल्या कृतीप्रमाणे वाटीभर चिकाला दोन वाट्या दूध घातले, तर खरवस घट्टच झाला नाही. दुसऱ्या वेळी दूध निम्म्यावर आणले आणि कुकर मोठ्या आचेवर ठेवला, तर तो रबरासारखा चिवट झाला आणि डब्याच्या तळाशी पाणी सुटले. आईच्या हातची चव मला येणार नाही हे मी जाणतो, पण निदान खरवस तरी जमावा. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रातच आहे आणि ते आपल्या आईंनीच देऊन ठेवले आहे. ‘आज कितवा दिवस?’ हा प्रश्न त्या गवळ्याला सहज म्हणून विचारत नव्हत्या. त्या उत्तरावर त्यांचे दुधाचे माप ठरत होते.

खरवस घट्ट होतो तो चिकातील प्रथिनांमुळे. आपण रोज पितो त्या गाईच्या दुधात प्रथिने सुमारे 3 ते 3.5 टक्के असतात, तर व्यायल्यानंतरच्या पहिल्या धारेच्या चिकात ती सुमारे 14 टक्क्यांपर्यंत असतात. वाफेच्या उष्णतेने ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे घट्ट बसतात, म्हणून खरवसाला विरजण लागत नाही की चायना ग्रासही लागत नाही. मात्र हे प्रमाण फार झपाट्याने उतरते आणि दुसऱ्या दिवशी ते निम्म्याहूनही खाली आलेले असते. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या वाटीभर चिकाला दोन ते तीन वाट्या दूध सहज खपते, दुसऱ्या दिवशीच्या चिकाला बरोबरीने किंवा थोडे कमी दूध पुरते, आणि तिसऱ्या दिवशीच्या चिकात दूध न घातलेलेच बरे. डेअरीत अनेक गोठ्यांचा आणि वेगवेगळ्या दिवसांचा चीक एकत्र येऊ शकतो. आपण पहिल्यांदा आणलेला चीक बहुधा उतरता होता आणि दुसऱ्यांदाचा दाट होता. कृतीत लिहिलेले माप चुकीचे नव्हते, पण ते कोणत्या दिवशीच्या चिकाचे होते हे कृतीत सांगितलेले नसावे.

दिवस कळत नसेल तर काय करावे? इथे मला आपल्या आईंच्या त्या लहान वाटीविषयी सांगायचे आहे. जुन्या जाणत्या बायका मोठा डबा लावण्याआधी मिश्रणाचा नमुना वाटीत वाफवून पाहत असत. तो नीट बसला तर डबा लावायचा, सैल राहिला तर मिश्रणात आणखी चीक घालायचा, आणि सुरी टोचताना चिवट लागला तर दूध वाढवायचे. आपण ज्या वाटीला आपला वाटा समजत होता, ती त्यांची परीक्षेची वाटी होती. पण नमुना काय, कोणीही चाखून पाहिला असता. तो दर वेळी त्यांनी आपल्यालाच दिला आणि आपण तो संपवेपर्यंत डबा थांबवून ठेवला. म्हणून ती वाटी आपलीच होती असे मी मनापासून म्हणेन. आपणही याच पद्धतीने दोन-तीन चमचे मिश्रण वाटीत घालून पाच-सात मिनिटे वाफवून पाहावे. यापेक्षा खात्रीचे माप मला माहीत नाही.

चिवटपणाचे आणि सुटलेल्या पाण्याचे दुसरे कारण आच हे आहे. पाणी खळखळा उकळत राहिले की प्रथिने आवळत जातात, आपल्यातले पाणी बाहेर टाकतात आणि खरवसाला भोके पडतात. कुकरची शिट्टी काढून ठेवावी, डब्यावर झाकण घालावे म्हणजे वाफेचे पाणी आत ठिबकणार नाही, आणि मध्यम आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावे. सुरी स्वच्छ बाहेर आली की लगेच उतरवावे. वड्या मात्र पूर्ण गार झाल्यावरच कापाव्यात.

गुळाबाबत एकच सांगतो. तो चिरून गार दुधातच विरघळवावा आणि मिश्रण गाळून घ्यावे, कारण तापलेल्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याचा संभव असतो. चिकात दुधातली नैसर्गिक साखर नेहमीच्या दुधापेक्षा कमी असते, म्हणून गोडी अंदाजापेक्षा थोडी जास्त लागते. वेलची आणि किसलेले जायफळ एवढे पुरे. केशर घातल्याने खरवसाचा स्वतःचा वास झाकला जातो असे माझे मत आहे.

आईंचा दुसरा प्रश्नही तितकाच मोलाचा होता. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक घटक गर्भात वासराला मिळत नाहीत. ते त्याला चिकातूनच मिळतात, आणि ते शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची क्षमता साधारण पहिल्या 24 तासांत संपते. वासराच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटात पहिल्या काही तासांतच जायला हवा. त्यानंतर उरतो तो आपला. ओळखीच्या गोठ्यातून दुसऱ्या दिवशीचा चीक मागून घ्यावा आणि मागताना हे दोन्ही प्रश्न विचारावेत, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे नाशिकरोडला राहायला येणार आहे. तिला खरवस फार आवडतो, पण चीक आजच मिळाला आहे. तो उकळून ठेवू का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : चीक उकळू नये, तो लगेच घट्ट होऊन फाटेल. स्वच्छ, कोरड्या डब्यांत वाटी-वाटीभर भरून, वर थोडी जागा सोडून, आजच फ्रीझरमध्ये ठेवावा आणि प्रत्येक डब्यावर तारीख व चिकाचा दिवस लिहावा. महिनाभर तो चांगला राहील. करायच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावा. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यास तो कडेने शिजू लागतो. वितळल्यावर अलगद ढवळून घ्यावा आणि आईंना चावायला सोपे जावे म्हणून दूध नेहमीपेक्षा किंचित जास्त घालावे. नमुन्याची वाटी झाली की ती आईंच्याच हातात द्यावी. दूध कमी झाले की जास्त, हे त्या एका घासात सांगतील.