सख्ख्या भावाकडे हिशेब मागायचा कसा?

"भावाकडे हिशेब मागितला तर नातं तुटेल का?" हा प्रश्न माझ्याकडे बहुधा शेतीच्या वाटणीवरून येतो. एकदा तो मोमोच्या हॉटेलावरून आला.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथल्या एका बहीण-भावाने रस्त्यालगत मोमो-थुक्प्याचं छोटं हॉटेल टाकलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हिवाळ्यात भाऊ, वसाहतीतल्या अनेकांसारखा, स्वेटर विकायला शहरात जाई, लुधियानाचा माल, तोही उधारीचा. नेमके तेव्हाच नवेगावबांधला पर्यटक येतात. पहाटे पीठ मळण्यापासून रात्री भांडी घासेपर्यंत ताई एकटी. एका वर्षी स्वेटर खपले नाहीत आणि व्यापाऱ्याची उधारी हॉटेलच्या गल्ल्यातून फिटली. ताई काही बोलली नाही. पण त्यानंतर तिला धड झोप लागेना, आणि भावाशी कामापुरतंच बोलणं उरलं.

पहिल्या बैठकीत मी पैशाचा विषय येऊच दिला नाही. भावाला म्हटलं, "डिसेंबरातला ताईचा एक दिवस सांग, उठल्यापासून." तो दुपारपर्यंतही पोचला नाही. मग ताईला त्याचा दिवस विचारला. रात्री तो मालाच्या गठ्ठ्यांवरच झोपतो, हे तिला तेव्हा कळलं. दोघंही बराच वेळ रडली.

कायद्याचं नंतर सांगितलं. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नफा-तोटा सारखा वाटला जातो आणि राबण्याबद्दल भागीदाराला मोबदला मिळत नाही. बारा महिने चुलीपुढे उभी राहणारी ताई त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून ठरवायचं, आणि लिहून ठेवायचं.

"भावाकडून पगार घेऊ?" ताईला ते फार लागलं. मी विचारलं, "तुझ्या जागी बाई ठेवली असती, तर तिला दिला असता ना?" भाऊच म्हणाला, "दिला असता."

आता दोन धंद्यांचे गल्ले वेगळे आहेत. आधी ताईचा पगार निघतो, उरलेला नफा निम्मा-निम्मा. हिवाळ्यात मदतीला गावातली एक बाई येते.

तुम्हालाही विचारायचं असेल, तर भांडणाच्या दिवशी विचारू नका. गल्ला चांगला जमलेल्या दिवशी, दोघं जेवून उठल्यावर विचारा. आणि घरातली थोरली माणसं दुखावतील, हे धरून चला. या दोघांची आई अजून नाराज आहे. तिच्याशी माझं बोलणं चालू आहे.