रिअ‍ॅक्ट घेऊ काय अँग्युलर?

निकाल लागले की बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येऊन बसतो. पूर्वी 'सायन्स घेऊ काय कॉमर्स' असायचा. आता बीई, बीसीए झालेली मुलं वेबसाइटचं काम शिकायचं म्हणून येतात आणि वेबसाइट बांधायच्या तयार चौकटींची, म्हणजे फ्रेमवर्कची, नावं घेऊन विचारतात, रिअ‍ॅक्ट घेऊ, अँग्युलर घेऊ, की जँगो? मला यातलं एकही येत नाही. हे मी पहिल्याच भेटीत सांगते, तरी ती पुन्हा येतात. प्रश्न नुसता निवडीचा नसावा, असा संशय मला त्यावरूनच आला होता. गेल्या वर्षीच्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

खानापूर तालुक्यातला मुलगा. बीई होऊन दीड वर्ष झालेलं. बाबा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर. पहिल्याच दिवशी त्यानं दोनशेपानी वही काढली. उभ्या रेघा, वर नावं : रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू, जँगो, लारावेल. खाली फायदे-तोटे, तीन रंगांच्या पेनांनी. अक्षर सुरेख.

"आणि बनवलंयस काय?"

"टू-डू लिस्ट."

"एकच?"

"पाच, मॅडम. प्रत्येकात एक."

कुठल्याच कोर्सचा तिसरा धडा त्यानं पुरा केला नव्हता. अवघड लागायला लागलं की ग्रुपवर कोणीतरी लिहायचं, 'ते आता संपलं, हे शीक,' आणि हा वहीत नवी रेघ मारायचा.

त्याची भीती पोकळ मात्र नव्हती. गूगलनं २०१० मध्ये आणलेलं अँग्युलरजेएस २०१६ मध्ये जवळजवळ नव्यानं लिहिलं गेलं आणि २०२१ अखेर जुन्याचा आधारही काढून घेतला. २०१३ मध्ये खुलं झालेल्या रिअ‍ॅक्टमध्ये लिहिण्याची ढब २०१९ ला 'हुक्स' नावाची नवी सोय आल्यावर पालटली. हे सगळं त्यानंच मला शिकवलं, सालांसकट. 'शिकलेलं वाया गेलं तर?' याला 'छे, नाही जाणार' असं सांगणं म्हणजे मुलाला फसवणं. थोडं वाया जातंच.

म्हणून मी विचारलं, "गेलं वाया, तर काय?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबांनी ओव्हरटाइम करून फी भरलीय, मॅडम. आता मी चुकून चालत नाही."

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. घडतं त्यापेक्षा 'असंच घडलं पाहिजे' या हट्टानं माणूस जास्त जायबंदी होतो, ही माझी धारणा. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो : च. 'बरोबर निवडलं तर बरं' इथवर ठीक. 'बरोबरच निवडलं पाहिजे' म्हटलं की हात गोठतो. मी त्याला ते वाक्य वहीत लिहायला लावलं आणि 'च' खोडायला सांगितलं. शहाण्या मुलासारखा त्यानं खोडला. पुढच्या आठवड्याला वहीत सहावी रेघ होती : स्वेल्ट.

चौथ्या भेटीत मी एक दाखला दिला. तो सुचल्याचा मला आदल्या रात्रीपासूनच अभिमान वाटत होता. म्हटलं, "बाबांनी लेथ निवडताना एवढा विचार केला असेल काय?" पुढं मला साध्या लेथवरून संगणकानं चालणाऱ्या सीएनसीवर जाणाऱ्यांचं सांगायचं होतं. पण तो फटकन म्हणाला, "बाबांनी कुठं निवडलं, मॅडम? शेडमध्ये जे मशीन रिकामं होतं त्याच्यासमोर उभं केलं त्यांना. जॉब पडलेला होता, काम सुरू."

माझा दाखला तिथंच संपला. मी म्हटलं, "मग तुझ्या शेडमध्ये काय पडलंय?"

त्यावर तो पहिल्यांदा हसला. गणेश मंडळाची वर्गणी! खजिनदार काका वहीत लिहितात, काही नावं मराठीत, काही कन्नडमध्ये. विसर्जनानंतर बेरीज जुळत नाही आणि दरवर्षी भांडण. म्हटलं, ते कर. फ्रेमवर्क न घेता, साधं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट. तीन आठवडे तुझी वही माझ्या कपाटात.

पुढच्या भेटीला तो जवळजवळ पळतच आला आणि मोबाईलवरचा फोटो पुढं धरला. पहिल्या घरचे ५०१, दुसऱ्या घरचे १०१. एकूण वर्गणी : ५०११०१.

"पाच लाख, मॅडम! काका बघून गारच झाले."

चूक शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या होत्या. खोक्यात भरलेला आकडा ब्राउझर अक्षरं म्हणून हातात देतो. मग अधिकचं चिन्ह बेरीज करत नाही, एकापुढं एक नुसतं चिकटवतं. आधी त्याचा नंबर करून घेतला की ६०२. मलासुद्धा कळलं, म्हणजे त्याला नक्कीच कळलं होतं. मोबाईल खिशात टाकता टाकता तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "रिअ‍ॅक्टमध्ये केलं असतं तरी हेच झालं असतं की."

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश प्यायले. असं वाक्य आलं की मध्ये बोलायचं नाही, एवढं इतक्या वर्षांत मी शिकलेय.

त्या रात्री मला त्या वहीचा अर्थ लागला. ते आळसाचं लक्षण नव्हतं. निवड चालू आहे तोवर नापास होता येत नाही, म्हणून ती वही त्याचा आसरा होती. 'च' खोडून आसरा सुटत नसतो, हातात काम पडलं की त्याची आठवण राहत नाही. एलिसच्या पुढं मी एवढं माझं जोडते. नंतर त्यानंच सांगितलं, जँगोसुद्धा अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घाईची कामं उरकता उरकता तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं गेलं.

तेव्हा हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता सांगते : महिनाभर फ्रेमवर्कचं नाव काढू नका. घरातलं, गल्लीतलं, मामाच्या दुकानातलं एक खरं काम घ्या, ज्यात चूक झाली तर कोणीतरी ओरडेल. टू-डू लिस्टवर कोणी ओरडत नाही. मग तुम्ही खरोखर जाऊ शकता अशा गावांतल्या वीस जाहिराती काढा आणि कशाचं नाव किती वेळा येतं ते रेघा मारून मोजा. माझ्याकडच्या मुलांच्या मोजणीत नवीन कंपन्यांत रिअ‍ॅक्ट जास्त दिसतं, जावावर चालणाऱ्या मोठ्या ठिकाणी अँग्युलर, आणि गावातल्या छोट्या कामांना अजून पीएचपी, लारावेल. दोन नावं बरोबरीत आली तर शेजारी बसून चूक दाखवणाऱ्या मित्राला जे येतं ते घ्या. त्यानंतर सहा महिने ग्रुप म्यूट. आणि आईवडिलांनी 'कुठलं चांगलं असतं रे?' विचारू नये, 'काय केलंस ते दाखव' म्हणावं.

शेवटच्या भेटीला तो जाहिरातींचा कागद घेऊन आला. बहुतेक बेंगळूरच्या, थोड्या पुण्याच्या. रिअ‍ॅक्ट ठरायला चार मिनिटं लागली. मी त्यासाठी पूर्ण तास ठेवला होता. उरलेला वेळ आम्ही, बेंगळूरला राहायला जायचंय हे बाबांना कसं सांगायचं, यावर घालवला.

वही न्यायला तो अजून आलेला नाही.