रिंगमागचा हिशेब: वाचकांचे प्रश्न

कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-करमणूक कंपनीने कधी कबूल केलं आहे का?

हो, १९८९ मध्ये, आणि कारण पैशाचं होतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात या कुस्त्यांवर क्रीडा आयोगाची देखरेख असे, प्रक्षेपणावर कर लागे. त्यातून सुटण्यासाठी कंपनीने राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. पण निकाल ठरलेला असला तरी आदळणं खरंच असतं. १९९८ मध्ये पैलवान मिक फोली रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर पडला, ते शरीर त्याचंच होतं. म्हणून ‘सगळं खोटं’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

ही कंपनी व्हिन्स मॅकमन यांनीच काढली ना?

नाही, १९८२ मध्ये त्यांनी ती वडिलांकडून विकत घेतली. वडिलांचा जम न्यूयॉर्क आणि ईशान्य अमेरिकेत होता. तेव्हा आयोजकांनी देश आपसांत वाटून घेतला होता आणि दुसऱ्याच्या हद्दीत कुणी शिरत नसे. मुलाने हा रिवाज मोडला. केबल टीव्ही पसरत होता. त्यांनी इतरांच्या हद्दीतल्या वाहिन्यांवर आपला कार्यक्रम लावला आणि त्यांचे गाजलेले पैलवान उचलले. हल्क होगन असाच मिनेसोटातल्या एडब्ल्यूए या दुसऱ्या कुस्ती कंपनीकडून आला. ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा सर्वांत मोठा कार्यक्रम, झाला. गावोगावच्या सभागृहांत पडदे लावून, तिकिटं विकून तो दाखवला. मोठा जुगार होता, पण लागला.

पुढे टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनीने १९९५ मध्ये, मॅकमन यांचा ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम लागे त्या सोमवारीच, ‘नायट्रो’ सुरू केला आणि प्रेक्षकसंख्येत मॅकमनना सलग ८३ आठवडे मागे ठेवलं. मार्च २००१ मध्ये मॅकमन यांनी तीच कंपनी विकत घेतली. चाहत्यांना तो विजय वाटला. मला त्यात पैलवानांचा तोटा दिसतो: भाव वाढवून मागायला दुसरं मोठं दार उरलं नाही.

कंपनीचं जुनं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ; त्यातल्या ‘एफ’चा ‘ई’ का झाला?

पांडाचं बोधचिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेची आद्याक्षरंही तीच होती. ती संस्था ब्रिटनमधल्या न्यायालयात जिंकली आणि २००२ मध्ये नाव बदललं.

तिकिटांवर एवढा डोलारा चालतो?

आता तिकिटं दुय्यम. खरा पैसा प्रक्षेपणाच्या हक्कांत आहे. जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर दिसतो. तो करार १० वर्षांचा, ५ अब्ज डॉलरहून मोठा आहे. भारतातले हक्कही एप्रिल २०२५ पासून तिथेच गेले. शिवाय २०१८ पासून सौदी अरेबियाशी १० वर्षांचा करार आहे. कंपनीही आता मॅकमन कुटुंबाची राहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ती यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या लढती भरवणाऱ्या कंपनीसोबत टीकेओ या समूहात गेली. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचा खटला दाखल झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये व्हिन्स यांनी तिथलंही पद सोडलं.

पैलवानांना पगार, विमा, निवृत्तिवेतन मिळतं का?

कागदोपत्री ते नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. रिंगमधल्या दुखापतीचा उपचार कंपनी करते, पण घरचा आरोग्यविमा ज्याचा त्याने काढायचा. एवढं ‘स्वतंत्र’ असूनही परवानगीशिवाय दुसरीकडे कुस्ती खेळता येत नाही. रिंगमधलं नावही बहुतेकदा कंपनीच्या मालकीचं: २०१९ मध्ये बाहेर पडलेल्या पैलवानाला ‘डीन अँब्रोज’ हे नाव मागे ठेवून पुन्हा जॉन मॉक्सली व्हावं लागलं.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत कंपनीच्या कार्यक्रमात पैलवान ओवेन हार्ट छतावरून दोरीने उतरताना कोसळून मरण पावला आणि कार्यक्रम त्याच रात्री पुढे चालू राहिला. त्याच्या कुटुंबाला न्यायालयात जावं लागलं, तेव्हा १ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली. ज्यांच्या अंगावर हा धंदा उभा आहे त्यांना साधं नोकराचं स्थानही नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर झालेले पैलवान जेसी व्हेंचुरा यांनी १९८६ च्या सुमारास पैलवानांची संघटना बांधायचा प्रयत्न केला होता. ती उभी राहिली नाही, आणि आजही नाही.