व्याज नाही, पण नफा चालतो?

प्रश्न : इस्लामी अर्थव्यवस्था म्हणजे भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यातली तडजोड, असे म्हणता येईल का?

उत्तर : तसे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. खासगी मालमत्ता, व्यापार आणि नफा इस्लामला मान्य असल्याने उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असावीत, या समाजवादी आग्रहापासून ही व्यवस्था दूरच राहते. मात्र मालकी ईश्वराची आणि माणूस केवळ विश्वस्त, अशी धारणा असल्यामुळे संपत्तीवर बंधने येतात : ठराविक मर्यादेपेक्षा अधिक बचतीवर वर्षाला अडीच टक्के जकात, म्हणजे गरजूंसाठीचे सक्तीचे धार्मिक दान, द्यावी लागते आणि वारसाहक्काचे हिस्सेही ठरलेले असतात.

भांडवलशाहीशी खरा खटका उडतो तो व्याजावर, कारण इस्लामला व्याज निषिद्ध आहे. त्याऐवजी सुचवल्या जाणाऱ्या ‘मुदारबा’ या भागीदारीच्या करारात एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, पण तोटा झाल्यास, उद्योजकाचा हलगर्जीपणा नसेल तर, पैशाचा तोटा भांडवलदार सोसतो आणि उद्योजकाची मेहनत वाया जाते. कर्जदार बुडाला तरी व्याज मागणाऱ्या सावकारापेक्षा हे निश्चितच न्याय्य वाटते.

प्रत्यक्षात मात्र इस्लामी बँका ‘मुराबहा’वर अधिक भिस्त ठेवतात. बँक यंत्र 100ला विकत घेते आणि ग्राहकाला हप्त्यांनी 110ला विकते. कागदोपत्री ही विक्री असली, तरी तो वरचा 10 व्याजाहून कितीसा वेगळा, असा प्रश्न काही मुस्लिम अर्थतज्ज्ञही विचारतात, आणि तो रास्त आहे.